हसूचा दम

हसू,

तुझा दहावा आटोपून आम्ही ओव्याहून निघालो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. टांग्यात मी आणि आपला शौकत. तू गेल्यापासून आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही. तुझ्याबद्दल बोलायला घ्यावं तर वाक्य अर्ध्यावर राहतं, आणि दुसरं काही बोलावं तर लाज वाटते. वाटेतल्या चढावर घोडा थांबला तो हलेचना. टांगेवाल्याने लगाम झटकला, चुचकारलं, शिव्या घातल्या आणि शेवटी मागे वळून हसत म्हणाला, "उतरा जरा. घोड्याचा हसूचा दम झालाय."

शौकतने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. आम्ही उतरलो आणि चढ संपेपर्यंत टांग्यामागून चालत गेलो.

"जाऊ दे अण्णा," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याला काय मालूम, आपण कुणाकडून येतोय ते."

खरंच त्याला मालूम नव्हतं. हसुराम नावाचा एक माणूस होता, तो भाताच्या गिरणीत कामाला होता, पनवेलच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायचा, हे त्याच्या कानावरसुद्धा आलेलं नसणार. त्याच्या लेखी तो नुसता एक शब्द. अगदी शेवटाला येऊन जे काही हातपाय गाळतं, त्याला पनवेलात 'हसूचा दम झाला' म्हणतात. चढावर बसकण मारणारा बैल, ऐन लग्नात भकभकून विझणारी गॅसबत्ती, तिसऱ्या अंकात आवाज बसलेला नट, सगळ्यांचा हसूचा दम होतो. माणूस गेला तरी शब्द चालू आहे, आणि तू नाहीस म्हणून तो थांबायचाही नाही.

आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तुझ्यावर काहीतरी लिहून मागितलं आहे. तुझा जन्म, गिरणीतली नोकरी, मागे कोण कोण आहे, ते सगळं ते वेगळ्या चौकटीत छापणार आहेत. मी दुसरंच लिहायला बसलो आहे. तो शब्द चुकीच्या माणसाच्या नावावर पडला. पाडणारा मी. माझी साठी केव्हाच उलटली. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं. हे काम आणखी पुढे ढकलता येणार नाही.

तू मला पहिल्यांदा भेटलास तो दिवस तुला आठवायचा, मला वाटतं, माझ्यापेक्षा जास्त. मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी मुंबईहून चेंडू आणला होता आणि बंदराजवळच्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून आम्ही दुकानदार, कारकून, गिरणीवाले संध्याकाळी खेळायचो. माझं सायकलचं दुकान असल्यामुळे चेंडूत हवा भरायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं, आणि त्याच्याबरोबर कप्तानीही. तू भाताच्या गोणी उतरवून गाडीच्या जुवावर बसला होतास. चेंडू घरंगळत तुझ्याकडे आला. तू उठून तळहाताने तो परत मारलास, आणि मोठा आवाज होऊन तो वाटेतच बसला.

मी धावत आलो. "कुठला रे तू?"

"ओव्याचा."

"फोडलास ना चेंडू!"

"मी कुठं फोडला? हात लावला नुस्ता."

"मग उद्यापासून नेटवर लाव हात," मी म्हणालो.

तुला वाटलं मी रागाने बोललो. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी गिरणीत जाऊन तुला बोलावून आणलं. आपल्यातले काहीजण कुरकुरले. कमरेला रुमाल गुंडाळून, अनवाणी खेळणारा आगरी गडी संघात कशाला, असं त्यांचं म्हणणं. शौकत तेव्हा तेच म्हणत होता. तुझी पहिली स्मॅश त्याच्या छातीवर बसली आणि त्याने आपली जादाची अर्धी चड्डी तुला आणून दिली. "ले भाई," म्हणाला, "फक्त माझ्या बाजूने खेळ."

तेव्हा आपला नऊचा खेळ होता. आताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना तो पाहिल्याशिवाय कळत नाही. तीन ओळींत तीन-तीन माणसं, आणि ज्याची जी जागा ती सामना संपेपर्यंत त्याचीच. माझी जागा नेटला लागून मधोमध. मागच्यांनी चेंडू माझ्याकडे आणायचा आणि मी तो डावीकडे किंवा उजवीकडे, नेटच्या वर, मारणाऱ्याच्या हाताला सापडेल असा अलगद उचलून द्यायचा. त्या उचलून देण्याला आम्ही लिफ्ट म्हणायचो. चेंडू बोटांवर आला की आवाज होता कामा नये, एवढंच माझं शास्त्र. त्यासाठी मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की भिंतीशी तासन् तास चेंडू खेळवत बसायचो. चाळिशी ओलांडली तरी माझी लिफ्ट कोणाला जमत नव्हती. जमणार कशी? मी कोणाला शिकवलीच नव्हती.

आणि तू तिथे उजव्या कोपऱ्यात. मी चेंडू उचलायचो, तो वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा, आणि मग तू यायचास. तुझ्या उडीला घाई नसायची. पुढची काही वर्षं पेणपासून कर्जतपर्यंत आपल्या त्या दोघांच्या खेळाला लोक घाबरले. हसू, त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या. हे मी तुला कधी म्हटलं नाही. कप्तानाने असं म्हणायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

मग सहाचा खेळ आला. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. दिवाळीनंतरचे सामने आता सहा जणांचे होतील, असं भरवणाऱ्यांनी कळवलं. माणसं सहाच, आणि तीही फिरती. सर्व्हिस आपल्याकडे आली की सगळ्यांनी एकेक घर सरकायचं. आज नेटशी असलेला माणूस थोड्या वेळाने मागच्या कोपऱ्यात, आणि मागचा पुढे. म्हणजे प्रत्येकाला सगळं यायला हवं, आणि सगळ्यांना पळायला हवं. आम्ही माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून यावर पुष्कळ डोकं खाजवलं. शौकतचं मत असं की हा खेळ कोणीतरी कवायतीच्या मास्तराने काढला असणार.

तू मात्र पहिल्याच दिवशी बोललास, "अण्णा, आता दुसरा लिफ्ट देनारा तयार करायला पायजे. तुमी मागं गेलात म्हंजे पुढं कोन देनार?"

"मीच देणार. असेन तिथून पुढे येईन."

"दर चेंडूला? मागून पळत? जल्ला जीव जाईल तुमचा."

"लिफ्ट द्यायला बोटं लागतात, हसू. तंगड्या नाही."

"बोटं काय खुंटीला टांगलीत?" तू म्हणालास. "तीबी तंगड्यांवरच उभी हायत ना?"

सगळे हसले. मीही हसलो आणि कानावरची बिडी काढून पेटवली. विषय संपला, कारण मी कप्तान होतो, वयाने मोठा होतो आणि चेंडू माझा होता. तुझा तो प्रश्न मी विनोद म्हणून बाजूला सारला. आज कळतं की त्या बाकावर त्या दिवशी तेवढं एकच वाक्य खेळाबद्दलचं बोललं गेलं होतं. बाकी सगळं माझ्याबद्दलचं होतं.

अंतिम सामना पेणकरांशी होता, आपल्याच मैदानावर. माणसं झाडांवर बसली होती. पहिले चार सेट दोघांत वाटले गेले. ते कसे गेले ते मला सांगता येणार नाही, पण पाचवा मला सांगता येतो. पाचव्या सेटला आपण पुढे होतो आणि माझ्या कानात गिरणीसारखी घरघर सुरू झाली होती.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, म्हणून नीट सांगतो. माझी बोटं थकली नव्हती. बोटं शेवटपर्यंत शहाणी होती. थकल्या त्या तंगड्या. मागच्या कोपऱ्यातून मी निघायचो आणि नेटशी पोचायचो, पण चेंडूच्या खाली पोचायचो नाही. अर्ध्या पावलाने मागे राहायचो. जो चेंडू कपाळावर घ्यायचा तो छातीशी घ्यावा लागे. तिथून तो वर जात नाही, सपाट जातो, आणि वीतभर खाली राहतो. बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही. लिफ्ट दिली, स्मॅश मारली, चेंडू नेटमध्ये. नेटमध्ये कोणी घातला? ज्याचा हात शेवटचा लागला त्याने. लिफ्ट देणाऱ्याकडे कोण बघतं?

तुझा पहिला चेंडू नेटमध्ये गेला. दुसरा गेला. तू तर आधीच हवेत असायचास, माझ्यावर विसंबून; हवेतल्या माणसाला खाली येता येतं, थांबता येत नाही. तिसऱ्या वेळी तू जमिनीवर टेकलास आणि माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मी कमरेवर हात ठेवून तोंडाने श्वास घेत होतो. तू ते पाहिलंस, हसू. मग तू वळलास आणि आपला उजवा हात आपल्याच मांडीवर जोराने आपटलास, जणू त्या हाताचाच गुन्हा होता. सगळ्या मैदानाने तो आवाज ऐकला.

"काय रे हसू, भाकर कमी पडली काय?"

"ओव्याहून चालत आलास वाटतं!"

आणि तेव्हा मी जे केलं ते मी केलं. मी तुझ्याजवळ आलो, सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कप्तानाच्या आवाजात मोठ्याने म्हणालो, "दम धर, हसू. दम धर."

माझाच दम गेला होता आणि मी तो तुला धरायला सांगत होतो. लोकांना वाटलं कप्तान धीर देतोय. झाडावरून कोणीतरी ओरडलं, "हसूचा दम गेला!" तेवढं पुरे झालं. आपण हरलो. पेणकर ढोल वाजवत गेले, आणि संध्याकाळ संपायच्या आत तो शब्द बाजारपेठेत पोचला होता. गावाने त्याचा गाडा केला, पण पहिलं चाक माझ्या तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दुकानात आलास. मला वाटलं, आता विचारणार. तुझ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा मासा होता, खाडीच्या खाजणातला, बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा.

"हरल्याव् नीट जेवायला पायजे," म्हणालास. "वैनीला सांगा, आंबट जास्त घालू नका."

मी तो घेतला. चवीने खाल्ला. त्याची चव अजून आठवते, आणि ती चांगली होती, हेच वाईट.

पुढची सगळी वर्षं तो शब्द माझ्याच दुकानात सगळ्यात जास्त ऐकू आला. सायकलवाल्याकडे लोक कशासाठी येतात? हवा गेली म्हणून. "अण्णा, मागच्या चाकाचा हसूचा दम झालाय." मी मान खाली घालून पंक्चर काढायचो. ऐकून ऐकून त्याची धार गेली. एकदा तू बाकावर बसलेला असताना मीच एक ट्यूब पाण्यात दाबून सहज बोलून गेलो, "हिचा तर पार हसूचा दम झालाय." बोललो आणि हात पाण्यातच राहिले. पहिला तू हसलास.

"राहू द्या अण्णा," म्हणालास. "नाव तरी पसरलं माझं. परवा जासईला मिठागराव् एकजन बोलला तसं. मी बोललो त्याला, हसू म्हंजे मीच. तो बोलला, चल, थापा नको मारू."

किती हसलास तू ती गोष्ट सांगताना. मी तुझ्याकडे बघू शकलो नाही.

हरलो त्याच हिवाळ्यात मी बिडी सोडली. गावात ज्याने त्याने विचारलं, अण्णा, बिडी का सोडली? डॉक्टरने सांगितलं का? घरून बोलणी बसली का? तू एकट्याने विचारलं नाहीस. तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं. नंतर वाटायला लागलं, ज्याला कारण ठाऊक असतं तो विचारत नाही.

आणि तू धावायला लागलास. याचं मला आधी काही वाटलं नाही. तू कामाला चालत यायचास, ते आता पळत येतोस, एवढंच. मी खेळणं सोडून पोरांना शिकवायला लागलो तेव्हा तू संध्याकाळी गिरणीतून सुटून मैदानावर यायचास आणि पोरांना घेऊन गाढी नदीच्या काठाने पळायला न्यायचास. पुढे तू, मागे धापा टाकणारी माळ. पोरं परत येऊन गवतावर आडवी व्हायची आणि तू उभा राहून त्यांना हिणवायचास, "उठा रं! सासरी आल्यात काय, लोळायला?" तेव्हा तुझी तिशी उलटली होती. सगळं गाव तुला रोज धावताना बघत होतं आणि सगळं गाव 'हसूचा दम' म्हणत होतं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पोरांना शिकवता शिकवता मला तो वीतभराचा फरक पुन्हा दिसला. ताजी असताना सुरेख लिफ्ट देणारी पोरं सामन्याच्या शेवटी चेंडू खाली देत होती, आणि शिव्या स्मॅश मारणाऱ्याला बसत होत्या. मग मी नेटच्या वर बांबूंना एक सुतळी आडवी बांधली. लिफ्ट सुतळीवरून गेली पाहिजे, असं सांगितलं. आधी ताज्या दमाने द्यायला लावली. सगळ्यांची वरून गेली. मग तुझ्याबरोबर नदीवर पळून यायचं आणि आल्या आल्या, श्वास खाली बसायच्या आत, परत लिफ्ट द्यायची. तुला मी सुतळीशी पंच म्हणून उभं केलं होतं. तू पोरांबरोबर पळून आलास आणि सरळ जाऊन सुतळीकडे बघत उभा राहिलास; तुझ्या छातीचा भातासुद्धा हलत नव्हता.

"खाली," तू म्हणालास. "खाली. ही बी खाली. ही सुतळीला लागली. खाली."

पोरं गेल्यावर आपण दोघं सुतळी सोडत होतो. चीनची लढाई चालू होती त्या हिवाळ्याची गोष्ट. मला वाटलं, यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. मी म्हणालो, "पाहिलंस ना? पोरं दमली की हात तेच राहतात, पाय उशिरा पोचतात. चेंडू खाली येतो."

"पाह्यलं की."

"त्या दिवशी पेणकरांशी तसंच झालं, हसू. लिफ्ट खाली होती. दम माझा गेला होता. तुझा नाही."

तू सुतळी गुंडाळत होतास ती गुंडाळतच राहिलास. मग म्हणालास, "पोरं दमली म्हंजे चेंडू खाली येतो, ते दिसलं. त्या दिवशी तुमी दमला व्हतात, ते कुठं दिसलं?"

"अरे, मी सांगतोय ना! मला माहीत आहे."

"आन मना म्हाईत हाय, लिफ्ट बरोबर व्हती. माझीच उडी कमी पडली."

"कमी पडली नाही. मी खाली दिली."

"अण्णा, नाय बोललो ना!"

तू माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतास. त्या दिवशी चढवलास. शेजारच्या झाडाखाली बांधलेली कोणाची तरी म्हैस मान वर करून बघायला लागली. मीही तापलो. आपली चूक कोणी घेऊ देत नाही याचाही राग येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "तू माझा मान ठेवायला खोटं बोलतोस."

तेव्हा तू शांत झालास. सुतळीचं बंडल माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "तुमी बोलता तसं असंल, तर मी एवढी वर्सं धावलो कशाला?"

मी सुटलेलं सुतळीचं टोक बंडलात खोचलं.

तू पुढे म्हणालास, "त्या दिवशी माझा दम कमी पडला, म्हनून मी धावाय लागलो. आता मना धावल्याबिगर दिवस उगवत नाय. ती हार माझी हाय अण्णा. तुमी नका घेऊ."

आणि तू सायकल नसलेला माणूस, ओव्याच्या दिशेने पळत निघून गेलास. मी सायकलवाला तिथे उभा.

त्यानंतर हा विषय आपल्यात निघाला नाही. तुला खरंच तसं वाटत होतं, की तू मला सांभाळून घेत होतास? मैदानावर माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुला कळलं होतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे. पण मग ते धावणं? एखादा माणूस दुसऱ्याचा मान ठेवण्यासाठी एकदा मांडीवर हात आपटेल. त्यासाठी कोणी रोज पहाटे उठून धावत नाही. की हळूहळू तुझंच तुला खरं वाटायला लागलं? हे विचारायचं राहून गेलं. मी गप्प राहिलो ते तुझ्या शब्दाला मान देऊन, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात खोटं नाही. पण तुझा शब्द माझ्या सोयीचाही होता, हेही इथेच लिहून ठेवतो.

तुझे उपकार मानायला बसलो तर कुठून सुरू करू? मी कंजूष होतो, हे मला तुझ्यामुळे कळलं. आता माझ्या संघात प्रत्येक पोराला लिफ्ट देता येते, आणि एकही पोर ती ताजेपणी शिकत नाही. आधी नदी, मग चेंडू. परगावचे मास्तर येऊन विचारतात, ही काय पद्धत? मी सांगतो, आमच्या हसूची. ते हसतात, कारण पनवेलला येता-जाता त्यांच्याही कानावर तो शब्द पडलेला असतो. मग मी त्यांना सामन्याचा शेवटचा सेट बघायला थांबवून घेतो. शेवटच्या सेटला आमच्या पोरांचा चेंडू पहिल्या सेटइतकाच वर जातो. ते बघून ते हसायचे थांबतात, पण शब्दाचं काही होत नाही.

मी खेळलो तेव्हा मला वाटायचं, कसब हे बोटांत असतं आणि ते आपलं असतं. तू न बोलता शिकवलंस की ते दुसऱ्याच्या उडीत असतं. आपण वर टाकायचं आणि दुसऱ्याने ते खरं करायचं. माझ्या किती चुकीच्या लिफ्टी तू हवेत अंग वळवून खऱ्या केल्या असशील! पाचव्या सेटमधल्या तेवढ्या राहिल्या. त्याआधीच्यांचं श्रेय मी बिनदिक्कत घेतलं होतं.

तापात पडलास तेव्हा मी आलो होतो. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "पोरं पळतात ना?" मी म्हणालो, पळतात. त्या दिवशी पळाली नव्हती. तू नव्हतास म्हणून सगळी चिंचेखाली बसली होती. ते एक खोटं मात्र मी तुझ्यासाठी बोललो आणि त्याची मला लाज नाही.

दहाव्याहून परतलो त्यानंतर मला चैन पडेना. चार दिवसांनी सकाळी मी पुन्हा ओव्याला गेलो, सायकल घेऊन, निम्मी वाट ती हातात धरून. तुझी मंजुळा ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं. लिफ्टचं, मांडीवर आपटलेल्या हाताचं, 'दम धर' म्हणालो त्याचं, सुतळीचं. तिला खेळ कळत नाही, तरी मी नेट कुठे होतं आणि मी कुठे होतो ते ओट्यावर बोटाने काढून दाखवलं. तिने ते नीट पाहिलं.

मी विचारलं, "तो घरी कधी काही बोलला? त्या सामन्याचं?"

"सामन्याचं नाय. तुमचं बोलायचे."

"काय?"

"बोलायचे, अण्णा चेंडू देतात तो वर जाऊन थांबतो. आपुन सावकाश जायाचं आन मारायचा." तिने पदराने ओटा पुसला, माझं नेटही पुसलं गेलं. "आन पहाटंचे धावायला उठायचे. मी बोलायची, वाघ लागलाय का मागं? झोपा की. तर बोलायचे, दम वाढवतंव. पावसात बी. पायाला काच लागलेली तवा बी. इतका कुनाला लागतो दम?"

मी म्हणालो, "मी हे छापून आणणार आहे. सगळ्या पनवेलला कळू दे. पण तो मला नको म्हणाला होता. ती हार माझी आहे म्हणाला होता. ती त्याच्याकडून काढून घेतली, तर त्याचं धावणं फुकट गेलं असं होईल. म्हणून तुला विचारायला आलो."

मंजुळाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. मग म्हणाली, "तवा नको बोलले, कारन त्यांना सकाळी उठून धावायचं व्हतं. लिवा अण्णा. आता त्यांना धावायचं नाय."

म्हणून लिहितो आहे, हसू. त्या संध्याकाळी तू उडी मारलीस ती पुरेशी उंच होती आणि वेळेवर होती. मी खालून बघत होतो, मला दिसली. लिफ्ट खाली होती.